नंबर दोन, वाट एकच

मे महिन्यातली दुपार होती. खालू जेवून आडवे झाले आणि अर्ध्या तासात उठून बसले. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखे वाटते, म्हणाले. बनियन घामाने भिजले होते. खालाने शेजारच्या मुलाला आमच्याकडे पळवले. आम्ही रिक्षा बोलावली आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांना मोहल्ल्यातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात नेले.

दवाखाना लहान आहे, पण सोय चांगली आहे. ईसीजी काढला की तो इंटरनेटवरून शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो. ते पाहतात, फोन करतात, आणि मग आमचे डॉक्टर ठरवतात की कोणते औषध इथेच सुरू करायचे आणि रुग्णाला पुढे कधी पाठवायचे. आजवर कितीतरी घरांना या सोयीचा आधार झाला आहे.

त्या दुपारी ईसीजी निघाला, पण गेला नाही. कंपाउंडरने पहिली लाइन काढून दुसरी लावली. तीही बंद. ही दुसरी लाइन ट्रस्टने वर्गणी काढून मुद्दाम घेतली होती, वेगळ्या कंपनीची. एक गेली तर दुसरी असावी, एवढ्याचसाठी. त्या वर्गणीत आमचाही हातभार होता. मग आम्ही ईसीजीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवला. रेंजच्या कांड्या पूर्ण दिसत होत्या, पण फोटोवरचे चाक नुसते फिरत राहिले. साधा फोन लावला, तोही लागेना. खाला एकदा त्या यंत्राकडे आणि एकदा आमच्या तोंडाकडे पाहत होत्या.

डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी वाट पाहणे थांबवले, हातात होते ते औषध दिले, ईसीजीचा कागद आमच्या हातात ठेवला आणि खालूंना रुग्णवाहिकेत घातले. पुढे तासाभराचा रस्ता. खालू बचावले, अल्लाहचे शुक्र. पण तिथल्या तज्ज्ञांनी कागद पाहून जे सांगितले ते अजून कानात आहे: "हे मला तेव्हाच दिसले असते, तर उपचार तुमच्याकडेच सुरू झाले असते."

संध्याकाळी कारण कळले. गावाबाहेर पाण्याच्या पाइपासाठी चर खोदत होते. जेसीबीचा एक फावडा खोल गेला आणि एक काळी केबल तुटली. एकच केबल. मग दोन कंपन्या, दोन बिले, भिंतीवरचे दोन डबे आणि वर मोबाइलचा टॉवर, हे सगळे एका घावात कसे मेले? हा प्रश्न आम्हाला त्या रात्री झोपू देईना. पुढचे काही आठवडे आम्ही माहीतगारांना विचारत राहिलो, वाचत राहिलो. जे समजले ते या महिन्याच्या सदरात वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण दवाखाना असो, शाळा असो, पतसंस्था असो की घर असो, हा प्रश्न आता सगळ्यांचाच आहे.

कुवेतहून आलेली बॅग

ज्या घरांतली माणसे १९७० आणि ८० च्या दशकांत आखातात गेली, त्या घरांना एक गोष्ट आठवत असेल. टपालाला वेळ लागे, फोन परवडत नसे. मग कुवेत, दुबई किंवा दम्मामहून कुणी सुट्टीवर गावी निघाला की ओळखीचे सगळे त्याच्या खोलीवर येत. कुणी पत्र देई, कुणी आपल्या आवाजात बोललेली कॅसेट, कुणी पाकिटात घातलेले पैसे. वीस घरांची वीस पाकिटे एका बॅगेत. प्रत्येक पाकिटावर नाव: अमक्याची अम्मी, तमक्याचे अब्बा. माणूस घरी पोहोचला की अंगणात गर्दी होई. बॅग उघडे, नावे वाचली जात, ज्याचे त्याला मिळे.

या बॅगेकडे जरा नीट पाहू. प्रत्येक घराला वाटे की आपले पत्र थेट आपल्याकडे आले. एका अर्थी ते खरेच होते. एकाचे पत्र दुसऱ्याला जात नसे. पण प्रत्यक्षात त्या पत्राला स्वतःचा रस्ता नव्हता. रस्ता बॅगेचा होता. आणि विमानतळावरच्या हमालाला आत किती पाकिटे आहेत, कुणाची आहेत, याचा पत्ताही नसे. त्याने फक्त बॅगेच्या मुठीला बांधलेली चिठ्ठी वाचायची आणि बॅग मुंबईच्या विमानात टाकायची. पाकिटांवरची नावे वाचण्याचे काम दोनच ठिकाणी होई: जिथे बॅग भरली तिथे आणि जिथे उघडली तिथे.

आजचे इंटरनेट नेमके याच रीतीने चालते. पाकिटाच्या जागी आहे 'व्हर्च्युअल सर्किट'. त्याला आपण मानीव तार म्हणू. म्हणजे दोन ठिकाणांना जोडणारी स्वतंत्र तार आहे असे मानायचे, वापरायचेही तसेच, पण खरी वेगळी तार टाकायची नाही. फक्त एक नंबर द्यायचा. बॅगेच्या जागी आहे 'टनेल', म्हणजे बोगदा. अशा शेकडो-हजारो मानीव तारा एकत्र बांधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणारी ती वाट. आणि विमानाच्या जागी आहे जमिनीतली किंवा समुद्रातली काचेची खरी तार, जिच्यातून प्रकाश धावतो. पाकीट, बॅग, विमान. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर पुढचे सगळे सोपे आहे.

नंबरांची गोष्ट

ही कल्पना आजची नाही. जुन्या टेलिफोनमध्ये दोघे बोलत असताना मधली वाट तेवढा वेळ त्यांच्यासाठीच अडकून राही, ते बोलोत की गप्प बसोत. संगणकांचे बोलणे तसे नसते. ते क्षणभर भडाभडा बोलतात आणि मग बराच वेळ गप्प असतात. त्यांच्यासाठी वाट अडवून ठेवणे म्हणजे एका माणसासाठी अख्खी एसटी. म्हणून १९७६ साली 'एक्स.२५' नावाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात एकाच तारेवर हजारो मानीव तारा चालवण्याची सोय होती. प्रत्येक तुकड्यावर नंबर असे, नंबर पाहून यंत्र तो तुकडा योग्य ठिकाणी देई. पुढे 'फ्रेम रिले' आले, मग 'एटीएम' आले. हे एटीएम पैसे देणारे नव्हे. यात माहितीचे ५३ बाइटचे एकसारखे तुकडे करत. त्यातले ५ बाइट पत्त्यासाठी आणि ४८ मजकुरासाठी. आणि पत्त्यातही दोन नंबर असत: एक मोठ्या वाटेचा आणि एक तिच्या आतल्या तारेचा. म्हणजे एक बॅगेचा, एक पाकिटाचा.

आपल्यापैकी अनेकांनी हे दोन नंबर स्वतःच्या हाताने भरले आहेत, फक्त ते काय आहेत हे माहीत नव्हते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड यायला लागले तेव्हा मोडेम बसवताना 'व्हीपीआय' आणि 'व्हीसीआय' असे दोन रकाने असत. बीएसएनएलच्या ग्राहकांना तिथे ० आणि ३५ असे आकडे भरावे लागत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेले असत. ते ० आणि ३५ म्हणजे घरापासून एक्स्चेंजपर्यंतच्या आपल्या मानीव तारेचा पत्ता.

नंतरच्या काळात दोन पद्धती रुळल्या. एक 'एलटूटीपी'. तिचे मानक ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हिची गरज का पडली ते पाहण्यासारखे आहे. घरापर्यंतची तार एका कंपनीची, पण इंटरनेट विकणारी कंपनी दुसरी, असे असले तर काय करायचे? तारवाली कंपनी त्या विक्रेत्याचे सगळे ग्राहक गोळा करते, एका टनेलमध्ये घालते आणि विक्रेत्याच्या दारात नेऊन सोडते. प्रत्येक टनेलला एक नंबर आणि टनेलच्या आत प्रत्येक ग्राहकाच्या जोडणीला एक नंबर. दोन्ही नंबर १६ बिटांचे, म्हणजे एका टनेलात नंबरांपुरते पाहिले तर ६५ हजारांहून अधिक जोडण्या मावतात.

दुसरी पद्धत 'एमपीएलएस'. तिची रचना सांगणारा दस्तऐवज जानेवारी २००१ चा आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या मधल्या जाळ्यात तिचा फार मोठा वापर होतो. इथे प्रत्येक तुकड्यावर ३२ बिटांची एक चिठ्ठी चिकटवतात. त्यातले २० बिट नंबराचे. तेवढ्यात दहा लाखांहून अधिक नंबर बसतात. एक बिट एवढेच सांगतो की याखाली आणखी चिठ्ठी आहे की हीच शेवटची. कारण चिठ्ठीवर चिठ्ठी लावता येते. वरची बॅगेची, खालची पाकिटाची. वाटेतली यंत्रे वरचीच चिठ्ठी वाचतात, ती काढून पुढच्या टप्प्याची लावतात आणि तुकडा पुढे ढकलतात. खालच्या चिठ्ठीला कुणी हात लावत नाही. ती शेवटच्या ठिकाणी वाचली जाते.

वाटून घेण्यात बरकत आहे

त्या दुपारच्या रागात आम्हालाही वाटले होते की ही निव्वळ फसवणूक आहे. वेगळ्या तारेचे पैसे घ्यायचे आणि सगळ्यांना एकाच दोरीला बांधायचे! पण शांतपणे पाहिले तर वाटून घेणे हा दोष नाही. त्याशिवाय आपल्यासारख्या गावाला इंटरनेट मिळालेच नसते. प्रत्येक घरासाठी मुंबईपर्यंत वेगळी काचेची तार टाकायची म्हटली तर ती कुणाला परवडेल? वीस पाकिटांसाठी वीस विमाने उडत नसतात.

दुसरा फायदा मधल्या यंत्रांचा. वाटेतल्या प्रत्येक यंत्राला लाखो ग्राहकांच्या लाखो तारा पाठ ठेवाव्या लागल्या असत्या तर ती गुदमरली असती. आता त्यांना मोजके टनेल माहीत असले की पुरते. नवा ग्राहक आला तर दोन टोकांना एक नंबर वाढतो. मधल्या कुणाला काही कळवावे लागत नाही.

तिसरा फायदा सगळ्यात मोठा. टनेलची वाट बदलली की आतल्या सगळ्या तारा एकदम नव्या वाटेने जातात. एमपीएलएसमध्ये पर्यायी वाट आधीच आखून ठेवता येते. मुख्य वाट तुटली तर सुमारे ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात, सगळी बॅग दुसऱ्या वाटेवर टाकता येते. बोलणाऱ्याला कळतही नाही. पण यात एक अट आहे, आणि आमची सगळी कथा त्या अटीत आहे: दुसरी वाट खरोखर दुसरी असली पाहिजे.

दोन बॅगा, एक विमान

लाइन दुरुस्त करायला आलेल्या एका तरुणाने आम्हाला हे समजावले. चहा घेता घेता त्याने पावतीच्या मागे पेनाने रेघा ओढल्या. पहिल्या कंपनीची आपली तार आमच्या तालुक्याच्या गावापर्यंतच होती. पुढे तिने एका तिसऱ्या कंपनीच्या केबलमध्ये जागा भाड्याने घेतली होती. दुसऱ्या कंपनीनेही तेच केले होते. मोबाइलच्या टॉवरचेही तेच. टॉवर ते फोन ही वाट हवेतून असते. टॉवरपासून पुढे अनेक ठिकाणी तीच काचेची तार असते. म्हणूनच त्या दिवशी कांड्या पूर्ण होत्या आणि निरोप जात नव्हता. फोनला टॉवर दिसत होता, टॉवरला जग दिसत नव्हते.

म्हणजे आमच्या दोन लाइनी खोट्या नव्हत्या. दोन्हींचे नंबर वेगळे, टनेल वेगळे, बिले वेगळी. दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या बॅगा. फक्त विमान एकच होते. आणि ते विमान त्या दुपारी पडले.

यात खोटे कुणी बोलले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. "आमची लाइन वेगळी आहे का," असे ट्रस्टने विचारले होते आणि दोन्ही कंपन्यांनी खरेच उत्तर दिले होते. वेगळी आहे. "कोणत्या रस्त्याने जाते," हे कुणी विचारलेच नव्हते. आम्हीही नाही. शिवाय ट्रस्टचे लोक दर महिन्याला एक डबा बंद करून दुसरा चालतो का ते पाहत असत, आणि तो चालायचाच. पण डबा बंद करून पाहणे म्हणजे डब्याची परीक्षा. रस्त्याची नव्हे.

बाहेरून हे ओळखणेही अवघड. बोगद्यातून जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला वाटेतली गावे दिसत नाहीत. टनेलमधूनही तसेच. जाणकार माणूस संगणकावरून वाटेतले टप्पे मोजू पाहतो, पण टनेलच्या आतले टप्पे बहुधा लपलेले राहतात. एका टोकाला शिरले, दुसऱ्या टोकाला निघाले, एवढेच दिसते.

समुद्रातही हेच

हे आपल्या तालुक्यापुरते असते तर गोष्ट वेगळी. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटल्या: 'सी-मी-वी ४' आणि 'फ्लॅग युरोप-एशिया'. मालक वेगळे, नावे वेगळी, पण त्या भागात वाट जवळजवळची. आखातापासून पाकिस्तान आणि भारतापर्यंत इंटरनेट रेंगाळले. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, दुबईपासून सुमारे ५६ किलोमीटरवर समुद्रात 'फाल्कन' ही केबलही तुटली. ही मुंबईला आखाताशी जोडणारी केबल. दुरुस्तीला गेलेल्यांना तिथे पाच-सहा टनांचा एक टाकून दिलेला नांगर सापडला. ज्यांची मुले तेव्हा दुबईला होती त्यांना ते दिवस आठवत असतील.

आणि अगदी अलीकडे, ६ सप्टेंबर २०२५ रोजी, तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा दोन केबली तुटल्या. पुन्हा सी-मी-वी ४, आणि तिच्याबरोबर 'आय-मी-वी'. दोन्ही मुंबईला येतात. दोन्ही युरोपकडे जाताना त्याच अरुंद समुद्रातून जातात, कारण भारतातून युरोपला जाण्याची समुद्रातली जवळची वाट तीच. आमिरातींत आणि आपल्याकडे इंटरनेट मंदावले.

मुंबईला समुद्रातल्या तारेने थेट जोडले ते १८७० साली. मुंबई ते एडन आणि एडन ते सुएझ अशी तारायंत्राची केबल तेव्हा समुद्रात टाकली. दीडशे वर्षांहून अधिक काळ उलटला. तांब्याच्या जागी काच आली, एका निरोपाच्या जागी कोट्यवधी मानीव तारा आल्या, पण मोठ्या प्रमाणात वाट तीच राहिली. नंबर आपण लाखांनी वाढवले. रस्ते मात्र बोटांवर मोजण्याइतकेच.

नाव लिहिले म्हणजे पाकीट बंद झाले असे नाही

याच विषयातला आणखी एक गैरसमज घराघरांत आहे, तोही सांगून टाकू. मानीव तार वेगळी असली की आपले बोलणे गुप्त राहते, असे अनेकांना वाटते. पाकिटावर नाव लिहिले म्हणजे ते डिंकाने चिकटवले असे होत नाही. नंबर फक्त पत्ता सांगतो. तो कुलूप नव्हे. एलटूटीपी स्वतः मजकूर झाकत नाही. झाकायचा असेल तर तिच्यासोबत 'आयपीसेक' नावाची वेगळी पद्धत वापरावी लागते. एमपीएलएसची चिठ्ठीही मजकूर झाकत नाही.

आपले रोजचे कुलूप वेगळ्या ठिकाणी असते. बँकेच्या पानाच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' असते, ते पाकीट चिकटवलेले असल्याची खूण. व्हॉट्सॲपचे निरोपही पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये बंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतात. म्हणून टनेल कुणाचाही असो, ही दोन कुलपे पाहावीत. आणि घरातली मुले फुकटचे 'व्हीपीएन' ॲप टाकत असतील तर त्यांना एवढे जरूर सांगावे: व्हीपीएन म्हणजे आपली पाकिटे दुसऱ्याच्या बॅगेत घालणे. ती बॅग वाटेत कुणी उघडणार नाही, पण बॅगवाला स्वतः तर उघडणारच. तो कोण आहे, हे माहीत असल्याशिवाय त्याच्या हाती पाकीट देऊ नये.

काय विचारावे, काय करावे

आता कामाचे बोलू. ज्या दवाखान्याने, शाळेने, पतसंस्थेने किंवा दुकानाने दोन लाइनी घेतल्या आहेत किंवा घ्यायच्या आहेत, त्यांनी कंपनीला "वेगळी आहे का" असे विचारू नये. असे विचारावे: इमारतीपासून तुमची तार कोणत्या खांबावरून किंवा कोणत्या चरातून जाते? पुढे कोणत्या रस्त्याने जाते, कोणता पूल ओलांडते? मधली केबल तुमची की भाड्याची, आणि भाड्याची असल्यास कुणाची? ती तुटली तर पर्यायी वाट कोणती? ही उत्तरे लेखी घ्यावीत आणि दोन्ही कंपन्यांची उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. एकच पूल दोन्हीकडे दिसला तर दुसऱ्या लाइनीचे पैसे निम्मे वाया आहेत असे समजावे. "आमची केबल गोल फिरून दोन्ही बाजूंनी येते, एक बाजू तुटली तर दुसरी चालते," असे उत्तर मिळाले तर ते चांगलेच. पण त्या दोन्ही बाजू एकाच चरातून येत नाहीत ना, हेही विचारावे. तसे असल्याची उदाहरणे त्या तरुणाने पाहिली होती.

वाटून घेतलेल्या वाटेवर गर्दी झाली तर आधी कुणाचा तुकडा जाईल, हेही विचारण्यासारखे आहे. मघाच्या ३२ बिटांच्या चिठ्ठीत तीन बिट नेमके यासाठी असतात. त्यांनी आठ पायऱ्या करता येतात. दवाखान्याचा ईसीजी आणि कुणाचा सिनेमा एकाच पायरीवर नसावेत, अशी मागणी करारात करता येते. ती आपण केली नाही तर आपणहून कुणी करून देईलच असे नाही.

घरांसाठी सल्ला साधा आहे. फायबर आणि मोबाइल दोन्ही असले तरी ती दोन वाटांची खात्री नाही, हे धरून चालावे. मुलीचा प्रवेशाचा अर्ज, विम्याचा हप्ता, परगावी पाठवायचे पैसे, हे शेवटच्या तासावर ठेवू नयेत. महत्त्वाचे फोन नंबर आणि औषधांची यादी कागदावरही असावी. रुग्णाचे जुने ईसीजी आणि रिपोर्ट फक्त फोनमध्ये न ठेवता एका फाइलीत ठेवावेत. त्या दुपारी आमच्या कामी आला तो कागदच.

आमच्या ट्रस्टने काय केले ते सांगून थांबतो. दोन्ही कंपन्यांना पत्रे गेली. एकीचे उत्तर लवकर आले, दुसरीला तीन वेळा आठवण करावी लागली. दोन्ही उत्तरांत तोच चर होता. मग दुसरी लाइन बंद करून तिच्या जागी डोंगरावरच्या मनोऱ्यावरून हवेतून येणारी जोडणी घेतली. ती उलट्या दिशेने, शेजारच्या तालुक्याकडे जाते आणि तिथून पुढे वेगळ्या केबलला लागते. वेग कमी आहे, भाडे थोडे जास्त आहे. ईसीजी जायला तेवढा वेग भरपूर आहे. आणि डॉक्टरांनी भिंतीवर एक कागद लावला आहे: ईसीजी पाच मिनिटांत गेला नाही, तर वाट न पाहता काय काय करायचे. आमच्या मते सगळ्यात खरी दुसरी वाट तीच आहे, कारण ती कुणाच्याच केबलवर अवलंबून नाही.

मागच्या आठवड्यात खालू आमच्या ओट्यावर बसले होते. आता ते हळूहळू मशिदीपर्यंत चालत जातात. आम्ही त्यांना पाकीट, बॅग आणि विमानाची ही सगळी गोष्ट सांगितली. खालू स्वतः बावीस वर्षे कुवेतला होते. कितीतरी घरांची पत्रे त्यांनी आपल्या बॅगेतून आणली आहेत. ते हसले आणि म्हणाले, "आम्ही पैसे कधी एकाच्या बॅगेत देत नव्हतो रे. निम्मे याच्याकडे, निम्मे पुढच्या महिन्यात जाणाऱ्याकडे. दोघे एका विमानाने जाणार असले, तर दुसऱ्याकडे द्यायचेच नाही."